मनगटाचं माप

माझ्या उजव्या हाताच्या बोटांना पहिल्यांदा मुंग्या आल्या, तेव्हा मी एक काम तातडीनं केलं. ते घरात कुणाला कळू दिलं नाही. माझ्या धाकट्या जावेनं, कुसुमनं, दोन-अडीच वर्षांपूर्वी याच घरात हीच तक्रार जवळजवळ याच शब्दांत सांगितली होती, आणि मी तिला नाटकी म्हटलं होतं. आता तेच शब्द मी कोणत्या तोंडानं बोलणार?

आणखी कुणाचे हात असे बधिर होत असतील तर त्यांनी वेळेत दाखवावं, म्हणून हे लिहायला बसले आहे. पण नुसता सल्ला दिला तर तो माझ्या तोंडी शोभायचा नाही. तेव्हा जे झालं ते झालं तसं सांगते.

*

आमचं घर नागपूरला, लकडगंजच्या मागच्या बाजूला. आमचे हे एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी. धाकटे दीर पारशिवनीकडे कालव्याच्या कामावर मिस्त्री, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे. घरात खरं राज्य माझं. पुढच्या खोलीत मी शिवणकाम करायची. ब्लाउज, परकर वर्षभर चालायचे, पण खरा जोर एप्रिल ते जून. तीन शाळांचे गणवेश आमच्याकडे असत.

कुसुम रामटेकजवळच्या गावची. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत होता, त्यापलीकडे काही नाही. कटिंग मी तिला शिकवलं, आणि वर्षाच्या आत ती माझ्या पुढे गेली. निळ्या आणि खाकी कापडाच्या आठ-आठ घड्या एकावर एक ठेवून ती मोठ्या कात्रीनं एका दमात कापायची. वरची घडी आणि खालची घडी यांत सुताचा फरक नसे. गिऱ्हाईक माझं कौतुक करून जात, आणि मी ते घेत असे.

त्या वर्षी सीझन तोंडावर आला तेव्हा तिनं पहिल्यांदा कात्री खाली ठेवली.

"काहून वं, काय झालं?" मी मशीनवरूनच विचारलं.

"बाई, बोटं बधिर होऊन राहिली. कात्री हातात हाये का नाही, तेच समजत नाही."

"सीझन आला की तुले काही ना काही होतेच. मागच्या वर्षी पाठ होती."

ती हात झटकत राहिली. थर्मामीटर झटकतात तसा ती तो हात दिवसभर झटकायची. मला त्या झटकण्याचा राग यायचा. एकदा तिच्या हातून चहाचा कप पडला, तर मी म्हटलं, "आता कपही जड झाला काय?" हे वाक्य मी फार मजेत म्हटलं होतं. शेजारीण हसलीसुद्धा.

*

दीर सुटीवर आले तेव्हा त्यांनी तिला गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळची वेळ होती, मीही सोबत गेले. डॉक्टरांनी तिचं मनगट दाबून पाहिलं आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथे नवीन मशीन आलं होतं. हातात बारीक करंट सोडून मनगटातली नस किती चालते ते त्यात मोजता येत असे. तारीख मिळाली ती दीर परत साइटवर गेल्यानंतरची. म्हणून कुसुमला घेऊन मी गेले.

एप्रिल संपत आला होता. खोलीत पंखा गरगरत होता आणि टेबलावर पोपटी काचेचा पडदा असलेलं ते मशीन होतं. ते चालवणाऱ्या माणसानं कुसुमचा हात उताणा केला आणि थांबला.

तिच्या मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, एकेका हातात डझनभर. हिवाळ्यात दिरांना साइटवर हिवताप झाला होता. ते त्यातून उठले म्हणून रामटेकच्या जत्रेत तिनं तो चुडा भरला होता. आमच्याकडे बांगडी जितकी घट्ट तितकं कौतुक. कासारणीनं साबण लावून त्या चढवल्या होत्या. आणि त्यानंतर तर तिचा हात सुजला होता.

"या निघतील का? तार नेमकी इथेच लावायची आहे," तो म्हणाला.

साबण लावून पाहिला. एकही सरकेना.

"मग या हातातल्या फोडाव्या लागतील."

सवाष्णीसमोर तो शब्द कुणी उच्चारत नाही. त्याला ते ठाऊक नसावं. कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. तिचा हात तिनं टेबलावरून मागे घेतला नव्हता, हे मला आजही स्पष्ट आठवतं. हात तिथेच होता, पुढे केलेला.

मी म्हटलं, "नवरा घराबाहेर. आत्ताच तापातून उठलेला. अन् ही इथं हात मोकळे करून बसन काय?"

"दहा मिनिटांचं काम आहे, बाई. फाटकाबाहेर बांगडीवाली बसते, लगेच नव्या भरा."

"उद्या काही झालं तर तुमाले विचारायले येऊ काय?"

त्या माणसानं खांदे उडवले आणि पुढचं नाव पुकारलं. आम्ही सायकलरिक्षानं घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कात्री घेतली.

रिवाजाची भीती माझ्या मनात लहानपणापासून आहे. माझ्या आईनं भरलेला चुडा उतरवल्याचं मी कधी पाहिलं नाही. त्या वेळी मला खरोखर भीती वाटली, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत राहिले.

पंधरा दिवसांनी दीर आले. जेवताना त्यांनी विचारलं, "वहिनी, दवाखान्यात काय झालं?"

मी पटकन म्हटलं, "बांगड्या काढाच्या म्हटलं तर ही घाबरली. तपासणी राहून गेली."

कुसुम चुलीपाशी होती. तिच्या हातातली भाकरी क्षणभर थांबली आणि मग तव्यावर पडली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

*

पुढच्या सीझनला तिला एका हातानं कात्री चालवता येईना. दोन्ही हातांनी धरून ती कापायची, आणि कापड वाकडं जायचं. तेव्हा कटिंग मी माझ्याकडे घेतलं. तिला काज-बटणं दिली तर सुई बोटांत घुसायची आणि तिला कळायचं नाही, शर्टावर रक्ताचे ठिपके दिसले की कळायचं. मग मी तिला म्हटलं, "तू आराम कर, स्वयंपाक पाहा." दुपारी ती पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहायची, माझं कटिंग पाहायची आणि परत आत जायची. कधी काही सुचवलं नाही, पण मी कुठे चुकते आहे ते तिला दिसत असणार. मला तर तिच्या नजरेवरूनच कळायचं.

आठ-आठ घड्यांचं ते कटिंग मी दीड वर्ष केलं. मग माझी बोटं बधिर व्हायला लागली. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. करंगळी मात्र ठणठणीत. झोपेतून उठून मी हात खाटेखाली लोंबता सोडायची, तेवढ्यानं बरं वाटायचं. दिवसा झटकावासा वाटला की मोरीत जाऊन झटकायची.

एका सकाळी ब्लाउजची बटणं लागेनात. मी आरशासमोर उभी राहून झटापट करत होते. दुसऱ्यांच्या ब्लाउजांना जन्मभर बटणं लावणारी मी, आणि स्वतःचं एक बटण मला लागेना. कुसुम पाण्याची कळशी घेऊन आत आली, कळशी खाली ठेवली आणि डाव्या हातानं एकेक करून सगळी बटणं लावून दिली.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"आठ-एक दिवस."

"खोटं काहून बोलता? दिवाळीपासून तुमी मोरीत जाऊन हात झटकून राहिल्या. मले आवाज येते ना बांगड्यांचा."

त्याच दिवशी तिनं आमच्या ह्यांना सांगितलं. आणि दवाखान्यात माझ्याबरोबर तीच आली.

*

तीच खोली. पंखाही तोच. मशीनवर आता एक डॉक्टर मॅडम होत्या, तरुण, चष्म्यावरून बघणाऱ्या.

"बांगड्या काढाव्या लागतील हं," त्या म्हणाल्या.

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी नळापाशी होते. साबण घेतला, मूठ दाबली, एकेक करून सगळ्या उतरवल्या. दोन तडकल्या तर तडकू दिल्या. आमचे हे त्या वेळी लकडगंजात लाकडाच्या थप्प्यांपाशी उभे असतील, हा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. मला फक्त माझा हात हवा होता.

बांगड्या ठेवायला जागा शोधत मी वळले, तर कुसुमनं तिचा पदर पुढे केला होता. मी त्यात बांगड्या टाकल्या. मान वर करून तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. दोन वर्षं जे मी स्वतःपासून झाकून ठेवलं होतं, ते त्या पदरात पडलं. लाज काय असते ते मला त्या दिवशी कळलं, आणि तरीही मी मुकाट्यानं जाऊन खुर्चीवर बसले.

मॅडमनी तळहातावर चिकटपट्टीनं तारा लावल्या. करंट दिला की अंगठा आपोआप उडायचा. दुखतं असं नाही, पण आपला अंगठा दुसऱ्याच्या हुकुमानं उडताना पाहणं विचित्र वाटतं. ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांनी घाबरू नये, दात काढण्यापेक्षा सोपी आहे. नंतर मॅडमनी मनगटावर आणि कोपरापाशी पेनानं खुणा केल्या आणि टेप घेतली. माझी नजर तिथेच गेली.

"मॅडम, तुमची टेप टोकाशी झिजली. दहापासून धरा, अन् दहा वजा करा."

त्या हसल्या आणि तसंच मोजलं. मग आकडेमोड करून म्हणाल्या, "मनगटापर्यंत नस नीट चालते. मनगटातून हातात उतरताना अडकते. तिथे जागा अरुंद असते, आणि ती दाबली जाते."

मला लगेच कळलं. परकराच्या नेफ्यात मावेल त्याहून जाड नाडी घातली की ती अशीच अडते.

"वेळेत आलात. छोटं ऑपरेशन आहे, हात सुधारेल," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांची नजर माझ्या मागे गेली. कुसुमनं पदर उजव्या हातात धरला होता. "तुमचा हात दाखवा बघू. हा अंगठ्याखालचा उंचवटा कुठे गेला?"

तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी जो गुबगुबीत भाग असतो, तिथे तिला खळगा पडला होता. मी रोज तिच्या हातचं जेवत होते. मला तो कधी दिसला नव्हता.

तिला खुर्चीवर बसवलं. त्या चुड्यातल्या बांगड्या एकेक करून वाढल्या होत्या; आता तिच्या हातात दोनच सैल बांगड्या होत्या, आणि त्या आपोआप निघाल्या. तारा लावल्या, करंट दिला. माझ्या वेळी पडद्यावर रेघ उडी मारत होती. तिची रेघ सरळ गेली. मॅडमनी करंट वाढवला. कुसुमनं डोळे मिटले. रेघ सरळच.

"किती दिवसांपासून आहे हे?"

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं.

"दोन-अडीच वर्षं," मी म्हटलं.

"मग आधी का नाही आलात? तेव्हाच आला असतात तर..." मॅडमनी वाक्य सोडून दिलं आणि कागदावर लिहायला लागल्या. उत्तर द्यायला मला तेव्हा पुरेसा वेळ होता. मी दिलं नाही.

*

आमच्या दोघींची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली. हात बधिर करून करतात, माणूस जागाच असतो. पडद्यापलीकडे कात्रीचा आवाज ऐकू येतो. मला तो ओळखीचा होता, तरी भीती वाटायची ती वाटलीच.

वॉर्डात आमच्या खाटा शेजारी होत्या. पट्टी बांधलेले हात सलाइनच्या स्टँडला टांगलेले. सकाळी सहाला झाडूवाली, सातला चहा, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. बोटं हलवा, हलवा, असं सिस्टर दिवसातून दहा वेळा येऊन सांगायच्या. मी हलवायची. कुसुमचीही चार बोटं हलायची. अंगठा नुसता थरथरायचा.

एक सकाळ मात्र बरी आठवते. दोघींच्या केसांचा गुंता झाला होता, आणि वेणी घालायला दोघींचे मिळून दोन डावे हात. एक पेड तिनं धरला, दोन मी, आणि अशी आम्ही आधी माझी वेणी घातली, मग तिची. इतकी वाकडी वेणी जन्मात कुणी घातली नसेल. समोरच्या खाटेवरची म्हातारी पोट धरून हसली. कुसुमही हसली. तिला हसताना पाहून मला इतकं भरून आलं की मी तोंड भिंतीकडे वळवलं. तिनं माझ्याशी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

*

माझे टाके निघाले आणि तीन आठवड्यांत मी सुईत दोरा ओवला. कुसुमच्या मुंग्या गेल्या, तिला शांत झोप लागायला लागली. पण अंगठा उचलला गेला नाही. मॅडमनी सांगितलं, "दुखणं गेलं, यात समाधान माना. जे स्नायू सुकले ते परत येणं कठीण."

त्या रविवारी दीर घरी होते. सगळे जेवायला बसले होते. कुसुम डाव्या हातानं वाढत होती, आणि वरण थोडं सांडलं. दीर वैतागले. वाईट माणूस नाही, पण दोन वर्षं जे मनात बसलं होतं ते पुन्हा बाहेर आलं.

"वहिनी नेत होती तवा घाबरून बसली. त्याच दिवशी बांगड्या उतरवल्या असत्या तर आज ही पाळी आली असती काय? आता भोग."

हे वाक्य त्यांनी पूर्वीही म्हटलं होतं, पुष्कळदा. आणि दर वेळी मी तिथेच होते. त्या दिवशी मात्र मी हातातला घास ताटात ठेवला.

"भाऊजी, ती घाबरली नव्हती," मी म्हटलं. "तिनं हात पुढं केला होता. नाही मी म्हटलं. अन् तुमाले खोटंही मीच सांगितलं."

आमच्या ह्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. दिरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते कुसुमकडे बघत राहिले.

"मग तू काहून नाही बोलली? दोन वर्षं मी तुले बोलून राहिलो!"

कुसुमनं सांडलेलं वरण फडक्यानं पुसलं. "तुमी येता पंधरा दिवसांतून एकदा," ती म्हणाली. "राहाचं तर मले बाईसंगच होतं."

त्यानंतर कुणी जेवलं नाही. मी कुसुमच्या मागे आत गेले, रडले, पाय धरायला वाकले. तिनं पाय मागे घेतले. "उठा, भांडी घासाची हायेत," एवढंच म्हणाली.

*

इथवर लिहून झालं तेव्हा मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिची गोष्ट तिला न विचारता लोकांसमोर ठेवणं बरं नव्हतं. ती खाटेवर मांडी घालून बसली होती. वेणीच्या जागी थोडी हसली. शेवटी म्हणाली, "बाकी सारं बरोबर हाये. एक खोटं हाये."

"कोणतं?"

"तुमाले रिवाजाची भीती वाटली म्हणून लिहिलं ते."

मी म्हटलं, "वाटली होती, कुसुम. खरंच."

"दवाखान्यातून बाहेर निघालो अन् रिक्षात बसलो, तवा तुमी मले काय म्हटलं होतं?"

मला आठवत होतं. इतका वेळ लिहिताना मी ते वाक्य टाळून पुढे गेले होते, हेही त्याच क्षणी कळलं.

"तुमी म्हटलं, निळ्या कापडाचा गठ्ठा उद्या संपला पाहिजे." तिचा आवाज जराही चढला नाही. "चिठ्ठी देताना त्या डॉक्टरनं सांगितलं होतं, दोष निघाला तर महिनाभर हात पट्टीत बांधून ठेवाचा, कात्रीले शिवाचं नाही. तुमी माझ्या बाजूलेच उभ्या होत्या. सीझन होता, बाई. मी त्याच रिक्षात समजली होती."

मी नाही म्हणू शकले नाही. मला तिच्या दुखण्यावर विश्वास नव्हता असंही नाही. तो कप पडला त्या दिवसापासून मला माहीत होतं की तिचा हात खरंच बधिर आहे. माहीत असून मी ती कात्री तिच्या हातात ठेवली, आणि त्या मशीनवाल्यानं बांगड्यांचं नाव काढलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

"हे लिहू?" मी विचारलं.

"लिहा."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर तिला विचारलं, "तू मले माफ करशील का वं?"

तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते नका विचारू. मी हो म्हटलं नाही, तेवढं लिहा फक्त."